मला वाटलं गाणं संपलं

गेली नऊ वर्षं मी शिकागोत फ्रीलान्स साऊंड करते. लग्नं, कॉलेजचे कार्यक्रम, जॅझवाल्यांचे शो, जे येईल ते. फेब्रुवारीत साऊथ साईडच्या एका चर्चचं काम आलं, त्यांचा नेहमीचा साऊंडवाला आजारी पडला म्हणून. फेब्रुवारी म्हणजे इथे ब्लॅक हिस्टरी मंथ, कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना, आणि त्या रविवारची अख्खी उपासना गॉस्पेल, म्हणजे त्यांच्या चर्चमधलं भक्तिसंगीत, घडवणाऱ्यांसाठी ठेवलेली. भाषणं नाहीत, फोटोला हार नाहीत. एखाद्या मुलाने त्या माणसाबद्दल दोन ओळी वाचायच्या आणि मग सगळ्यांनी मिळून त्याचं गाणं देवासमोर गायचं.

मी शनिवारी तालमीला जाऊन डिजिटल मिक्सरवर प्रत्येक गाण्याचा वेगळा सीन, म्हणजे कुठला माईक किती चालू याची मांडणी, सेव्ह करून ठेवला. मूल वाचायला उभं राहिलं की क्वायरचे, म्हणजे चर्चच्या गायकवृंदाचे, माईक बंद, गाणं आलं की चालू, एका बटणावर. एकट्या माणसाला हॉल आणि लाइव्हस्ट्रीम दोन्ही सांभाळायचं तर हे लागतंच.

सुरुवात चार्ल्स टिंडलींपासून. फिलाडेल्फियाचे पास्टर, आणि १९०१ सालचं त्यांचं एक गाणं पुढे 'वी शॅल ओव्हरकम'च्या मुळांपैकी एक मानलं गेलं. आपण शाळेत रांगेत उभं राहून 'हम होंगे कामयाब' म्हणायचो ना, तेच. त्याचा धागा कृष्णवर्णीयांच्या चर्चपर्यंत जातो हे मला वयाच्या पस्तिशीपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं, बूथमध्ये बसून अक्षरशः गलबलून आलं. मग सिस्टर रोझेटा थार्प. पंधरा-सोळा वर्षांची एक मुलगी इलेक्ट्रिक गिटार गळ्यात अडकवून आली आणि पहिल्या सुरालाच लोक उभे राहिले. रोझेटाबाई १९७३ ला गेल्या आणि रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने त्यांना २०१८ ला घेतलं, म्हणजे ४५ वर्षांनी. चर्चमधल्या म्हाताऱ्यांना मात्र त्यांची गाणी आधीपासून तोंडपाठ.

मग थॉमस डॉर्सी. हा माणूस आधी ब्लूज गायिका मा रेनीच्या मागे ब्लूज पियानो वाजवायचा, जॉर्जिया टॉम नावाने. तोच ढंग भक्तीच्या गाण्यात आणला तर मोठमोठ्या चर्चनी दारं बंद केली, ही नाचगाण्याची चाल इथे नको म्हणून. १९३२ च्या ऑगस्टमध्ये ते सेंट लुईसला गाण्यासाठी गेले असताना इकडे बायको बाळंतपणात गेली, पाठोपाठ बाळही गेलं, आणि त्या दुःखातून 'प्रेशस लॉर्ड' आलं. ते ज्या पिलग्रिम बॅप्टिस्ट चर्चमध्ये अनेक वर्षं संगीत सांभाळत होते ते २००६ च्या जानेवारीत जळलं, दगडी भिंती तेवढ्या उरल्या.

हे गाणं गायला ऐंशी ओलांडलेल्या एक बाई उठल्या. चर्चमध्ये अशा वडीलधाऱ्या बायकांना सगळे 'मदर' म्हणतात. लहानपणी त्यांनी डॉर्सींना पिलग्रिममध्ये क्वायरसमोर उभं राहिलेलं पाहिलंय. त्या ताल धरत नव्हत्या, ऑर्गनवाला त्यांच्या श्वासावर वाजवत होता. हॅमंड ऑर्गन इथलाच, शिकागोचा, १९३५ पासून बाजारात, आणि पाईप ऑर्गन न परवडणाऱ्या चर्चनी तो आपला केला. त्याच्या लेस्ली स्पीकरच्या आत भोंगा गरगर फिरतो, बाई ओळीच्या शेवटाला आल्या की तो डाव्या हाताने बारीकसं बटण सरकवायचा आणि संथ थरथरणारा सूर हळूहळू वेग घ्यायचा. मी फेडरला, आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या बटणाला, हातही लावला नाही.

आणि मग जेम्स क्लीव्हलंड. या माणसाने क्वायरचं गाणंच बदललं, शेवटची एकच ओळ पुन्हा पुन्हा, दर वेळी जरा वर चढवत न्यायची. रनशीटवर, म्हणजे कार्यक्रमाच्या वेळापत्रकाच्या कागदावर, चार मिनिटं लिहिलेली, इथे नऊ झाली. शेवटी क्वायरच्या डायरेक्टरने मूठ आवळली, ड्रम थांबला, टाळ्या सुरू झाल्या, मी पुढचा सीन दाबला. क्वायरचे माईक बंद. आणि तेवढ्यात ऑर्गनवाल्याने तीच सुरावट परत लावली आणि चाळीस माणसं परत तीच ओळ गायला लागली!

बार्शीला पप्पांचा मंडप-लाऊडस्पीकरचा धंदा होता. हरिनाम सप्ताहात मी त्यांच्या शेजारी ॲम्प्लिफायरवर बसायचे. ते म्हणायचे, बुवा खाली बसल्याशिवाय बटणावरचा हात काढायचा नाही, टाळकरी धृपद कधी परत उचलतील सांगता येत नाही. हे मला सातवीपासून माहीत होतं आणि तरीही मी कागदावरच्या वेळेवर विश्वास ठेवला.

घाबरून मला मागचा सीन पटकन सापडेना. पाऊण मिनिट तरी गेलं असेल. हॉलमध्ये कुणाचंच काही अडलं नाही, माईक गेल्यावर बाकांवरच्या लोकांनी ओळ उचलली आणि क्वायरएवढाच आवाज लावला. स्ट्रीमवर मात्र सगळं गेलं असणार या विचाराने माझे हात गार पडले. सापडल्यावर सीनचा नाद सोडला आणि उरलेला वेळ नुसतं डायरेक्टरच्या हाताकडे बघत सगळं फेडरवर केलं. गॉस्पेल गायिका महालिया जॅक्सनच्या गाण्याला तर रनशीट उलटी करून ठेवली. महालियाबाई १९७१ ला भारतात येऊन गायल्या होत्या, इंदिरा गांधींनीही त्यांना ऐकलं होतं, हे मी नंतर जेवताना शेजारच्या काकांना सांगितलं तर त्यांनी अख्ख्या टेबलाला परत सांगायला लावलं.

सगळं आवरल्यावर मी बूथमध्ये रेकॉर्डिंग लावून तो तुकडा शोधत होते, अपलोड करण्याआधी कापायचा म्हणून. मदर काठी टेकत आल्या. मी चूक सांगून माफी मागितली. त्यांनी हेडफोन मागितले. त्या पाऊण मिनिटात फक्त छताला टांगलेले दोन माईक चालू होते, जे मी लोकांच्या आवाजासाठी उगाच नावाला ठेवलेले. क्वायर लांबून येतंय, त्याच्यावर बाकांवरच्यांचे आवाज, कुणाची तरी खंजिरी, आणि माईकच्या अगदी खाली कुणी बाई शब्द विसरून नुसतंच गुणगुणतेय.

मदरनी डोळे मिटून ऐकलं, मग बोट फिरवून परत लाव अशी खूण केली. दुसऱ्यांदा ऐकून हेडफोन काढले.

"हे कापू नकोस बाळा," म्हणाल्या. "ती गुणगुणतेय ना, ती माझी बहीण आहे."