सर्दी नाही, तरी नाक बंद

पाचव्या महिन्यात नाक चोंदलं, आणि बाळ होईपर्यंत ते काही धड मोकळं झालं नाही. गंमत म्हणजे सर्दी नव्हतीच. शिंक नाही, ताप नाही, खोकला नाही. जोर लावून शिंकरलं तरी रुमाल कोरडाच. दिवसा निभायचं, पण आडवं झालं की दोन्ही नाकपुड्या बंद. मग तोंडाने श्वास, मग घशाला कोरड, मग पाणी, आणि पाणी प्यायलं की तासाभरात बाथरूम. पोट सांभाळत पलंगावरून उतरणं म्हणजे काय, हे ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको.

पुण्यातली डिसेंबरची थंडी, त्यामुळे जो तो म्हणायचा, "हवेने झालं असेल." अहो आईंनी थंड पाणी बंद केलं, शेजारच्या काकूंनी दही बंद करायला सांगितलं, आणि चिपळूणहून माझी आई ओव्याची पुरचुंडी घेऊन हजर झाली.

डॉक्टर मॅडमनी नाकात टॉर्च मारून पाहिलं आणि म्हणाल्या, "हे गरोदरपणाचं नाक आहे." पाचातल्या एखादीला होतंच म्हणे. पोटुशीपणी अंगातलं रक्त चाळीस-पन्नास टक्क्यांपर्यंत वाढतं, त्यात हार्मोन्सची भर, आणि नाकाच्या आतल्या नाजूक अस्तराला सूज येते. म्हणजे आत शेंबूड साठलेलाच नाही, वाटच अरुंद झालीय. शिंकरून बाहेर येणार काय? बाळंतपणानंतर साधारण दोन आठवड्यांत आपोआप जातं. माझा एकदा घोळणा फुटला होता, तोही त्याच भरलेल्या रक्तवाहिन्यांमुळे. पुढे वाकून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं दाबून धरायचा, मान मागे टाकायची नाही, एवढंच त्यांनी सांगितलं.

हे कळल्यावर माझ्यापुरता निम्मा प्रश्न सुटला. "सर्दी बाहेर काढणारे" सगळे उपाय एका फटक्यात बाद! आईला मात्र हे पटायला वेळ लागला.

मेडिकलवाल्याचं वेगळंच. नवरा नुसतं "नाक बंद आहे" म्हणाला, तर त्याने सर्दीच्या गोळ्यांची स्ट्रिप काढून दिली, चिठ्ठी ना काही. मी चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचली: पॅरासिटामॉल, फेनिलेफ्रिन, क्लोरफेनिरामाइन, कॅफिन. चार औषधं एका गोळीत, आणि मला ना ताप, ना शिंका. यातलं फेनिलेफ्रिन नाकासाठी. त्याचं काम रक्तवाहिन्या आवळायचं, आणि गोळी पोटातून जाते म्हणजे ती नाकाचा पत्ता विचारत जात नाही, सगळीकडच्याच आवळू शकते. बीपी असेल तर आणखीच नको, पहिल्या तीन महिन्यांत तर नकोच. वर सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एफडीए या औषध नियामक संस्थेच्या सल्लागार समितीने एकमताने सांगितलं की हे औषध तोंडावाटे घेतलं तर बंद नाकावर त्याचा उपयोगच होत नाही. स्ट्रिप परत गेली.

नाकात घालायच्या थेंबांची गोष्ट मोठ्या जाऊबाईंकडून ऐकली. झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन वगैरे नावांचे ते थेंब. घातले की पाच-दहा मिनिटांत नाक खडखडीत मोकळं, आणि तिथेच गोम आहे. तीन-चार दिवसांच्या पुढे गेलं की असर उतरल्यावर नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं, मग पुन्हा थेंब. जाऊबाईंची बाटली उशीखाली असायची. त्यांचं गरोदरपण संपलं, मुलाचं उष्टावण झालं, तरी बाटली सुटेना. शेवटी नाक-कान-घसावाल्या डॉक्टरांनी सोडवली. डॉक्टरांनी मोजून दिले तर एखाददोन रात्री ठीक, पण महिनोन्महिने टिकणाऱ्या दुखण्यावर तीन दिवसांचं औषध कसं पुरणार? फारच बेजार झालात तर नाकात मारायचे काही स्टेरॉइड स्प्रे गरोदरपणात डॉक्टर देतात. बुडेसोनाइडचा त्यात बराच अनुभव आहे. पण ते त्यांनी ठरवायचं, आपण नाही.

मला तारलं ते मिठाच्या पाण्याने. एक लिटर पाण्याला नऊ ग्रॅम मीठ, म्हणजे पाव लिटरला सव्वादोन ग्रॅम, अर्ध्या चहाच्या चमच्यापेक्षा जरा कमीच. मी केकसाठी आणलेल्या काट्यावर मोजायचे. पाणी चांगलं उकळून, झाकून, कोमट होऊ द्यायचं. नळाचं थेट नाही, आणि साध्या फिल्टरचंही नाही. केरळात मेंदू खाणाऱ्या अमीबाच्या बातम्या येतात ना, तो जंतू नाकातूनच वर चढतो. पाणी प्यायलं तर त्याने काही होत नाही, नाकात गेलं तर होतं.

आमच्याकडे सासऱ्यांचा जलनेतीचा तांब्या होता, लोणावळ्याला योग शिकायला गेले होते तेव्हाचा. तोच घेतला, अर्थात उकळत्या पाण्यातून काढून. बेसिनवर वाकायचं, डोकं एका अंगाला कलतं करायचं, तोंड उघडं ठेवून तोंडानेच श्वास घ्यायचा आणि वरच्या नाकपुडीत चोच लावायची. पाणी खालच्या नाकपुडीतून धार धरून बाहेर येतं. पहिल्यांदा मी श्वास रोखला आणि ठसका लागला. मीठ बरोबर असेल तर अजिबात झोंबत नाही. झोंबलं तर मीठ कमी पडलंय किंवा जास्त झालंय. नंतर पुढे वाकून हळू शिंकरायचं, एका वेळी एकच नाकपुडी. एवढा खटाटोप नको असेल तर मेडिकलमध्ये तयार सलाइनचा स्प्रे मिळतो, प्रवासात मी तोच वापरला. आणि हो, नेतीनंतर सासरे कपालभाती सांगतात, ती पोटुशीने करायची नाही.

याने नाक किती वेळ मोकळं राहायचं? तासभर, कधी दोन तास. पण तेवढ्यात झोप लागायची, आणि लागलं तर पुन्हा करता येतं, हे त्याचं खरं मोल.

दुसरा फरक पडला विटांनी. उशांवर उशा रचल्या तर मानच मोडते, म्हणून नवऱ्याने पलंगाच्या डोक्याकडच्या दोन्ही पायांखाली विटा सरकवल्या. पित्तालाही बरं पडलं. डाव्या कुशीवर झोपलं की डावी नाकपुडी बंद होणारच, तिच्याशी भांडण्यात अर्थ नाही. संध्याकाळी सोसायटीत फेऱ्या मारताना नाक आपसूक सुटायचं. चालण्याने नाकातल्या रक्तवाहिन्या आवळतात, तेही फुकट. नाकावर बाहेरून चिकटवायची पट्टीही आणली. तिच्यात औषध नसतं, ती नुसती नाकपुड्या ताणून धरते. मी दिसायचे भयंकर, पण घोरणं कमी झालं असं नवऱ्याने शपथेवर सांगितलं.

घोरण्यावर हसू नका मात्र. गरोदरपणात नव्याने जोरात घोरायला लागलात तर डॉक्टरांना सांगा, बीपी वाढण्याशी त्याचा संबंध असतो. सोबत डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्या-हातांवर सूज असेल तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. ताप, गालाखाली ठणका, धाप हेही घरी निस्तरण्यातलं नाही.

आता आईचा वाफारा. पातेलंभर उकळतं पाणी मांडीजवळ आणि डोक्यावर टॉवेल, हे मी साफ नाकारलं. पोट एवढं पुढे आलेलं असताना पातेलं कलंडलं तर? शिवाय कोंडलेल्या गरमीत घेरी येते. आंघोळीच्या वेळी बाथरूममध्ये साठते ती वाफ मला पुरली. वाफेत पिळायच्या कॅप्सूल, कापूर, निलगिरी हेही नाही. कापूर पोटातल्या बाळापर्यंत पोचतो. पुदिन्याच्या फुलांनी, म्हणजे मेंथॉलने, तर नुसता गारवा वाटतो आणि नाक उघडल्याचा भास होतो, आत हवा तेवढीच जाते. काढ्यातून ज्येष्ठमध काढून टाकला, गवती चहा-आलं ठेवलं, तेही कपभर. आई रुसली. मग तिची पुरचुंडी मी उशाशी ठेवली. वास छान यायचा, आणि ती कशी काम करते हे ती अजून सगळ्यांना सांगते.

बाळ झाल्यावर हॉस्पिटलातून घरी आले तोवर नाक बऱ्यापैकी सुटलं होतं. आणि आता बाळाचं नाक वाजतं! बालरोगतज्ज्ञांनी दूध पाजण्याआधी सलाइनचा एकेक थेंब सांगितलाय. आई मात्र तेलाची वाटी कोमट करून तयारच असते. टाळूवर घाल, पाठीला चोळ, म्हटलं, पण नाकात तेल नाही, श्वासाबरोबर फुप्फुसात उतरतं ते. "तुझ्या नाकात घातलं होतं की," आई म्हणाली. यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही, पण वाटी मी उचलून वर ठेवलीय.