बेरीज कुठे अडते

समोरासमोरून येणाऱ्या दोन आगगाड्यांच्या वेगांची बेरीज करण्याची शाळेत लागलेली सवय आइनस्टाइन यांचा विशिष्ट सापेक्षता सिद्धांत, म्हणजे प्रकाशवेगाशी तुलना होईल अशा गतींचाही हिशोब देणारा सिद्धांत, शिकताना फार उशिरा सुटते. माझी तरी तशीच सुटली. जमिनीवरून पाहता दोन याने प्रकाशवेगाच्या ०.७५ पट वेगाने एकमेकांकडे येत असतील, तर त्यांच्यातले अंतर प्रकाशवेगाच्या दीडपट वेगाने घटते, आणि त्यात वावगे काही नाही, कारण त्या वेगाने कोणतीही वस्तू धावत नसते. एका यानातून मोजलेला दुसऱ्याचा वेग, म्हणजेच सापेक्ष वेग, मात्र ०.९६ पट भरतो: १.५ या बेरजेला १ अधिक दोन्ही वेगांचा गुणाकार (०.७५ × ०.७५ = ०.५६२५), म्हणजे १.५६२५ ने भागायचे. ताशी ६० किलोमीटरच्या आगगाड्यांनाही हेच सूत्र लागू आहे. फक्त तिथे भाजकाचा १ पासूनचा फरक दशांशचिन्हानंतरच्या पंधराव्या घरात असतो. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ फिझोने १८५१ मध्ये वाहत्या पाण्यातून प्रकाश पाठवला, तेव्हा पाण्याच्या वेगाचा निम्म्याहूनही कमी भाग प्रकाशाच्या पदरात पडलेला दिसला. त्याचे कारण याच सूत्रात असल्याचे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ माक्स फॉन लाउए यांनी १९०७ मध्ये दाखवले.

या सिद्धांतात त्वरण बसत नाही, हा समज मी पदवीधरांकडूनही ऐकला आहे. तो चुकीचा आहे. प्रवाशाला सतत ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग इतके त्वरण जाणवावे अशा रीतीने यान चालवले, तर न्यूटनच्या हिशोबाने साधारण ३५४ दिवसांत ते प्रकाशवेग गाठेल. प्रत्यक्षात जमिनीवरच्या घड्याळाने एका वर्षाने ते ०.७२ पट आणि दोन वर्षांनी ०.९० पट वेगावर असते. प्रवाशाच्या वजनात काहीच फरक पडत नाही, पण वेगाची प्रत्येक नवी भर वरच्याच सूत्राने मिळवली जात असल्यामुळे ०.६ पट वेग होईपर्यंत जमिनीवरून मोजलेले त्वरण जवळपास निम्मे, म्हणजे ५ च्या आसपास उरते.

मला सर्वांत आवडते ते दोरीचे कोडे, जे भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेल यांच्या १९७६ मधील लेखामुळे गाजले. एकामागे एक उभी असलेली, नाजूक दोरीने जोडलेली दोन याने एकाच क्षणी, एकसारख्या त्वरणाने निघतात. जमिनीवरून पाहता त्यांचे वेग कायम समान आणि अंतरही तेवढेच. दोरी तुटेल का? सर्न या जिनीव्हाजवळच्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेतील बेल यांच्या बऱ्याच सहकाऱ्यांचे पहिले उत्तर ‘नाही’ असे होते. पण ती तुटते, कारण ‘एकाच क्षणी’ हा निवाडा जमिनीवरचा आहे, धावत्या यानातून तो तसाच लागू होत नाही. मागच्या यानातून पाहिले, तर पुढचे यान सतत दूर जात असते.