पृथ्वीप्रदक्षिणा, हप्त्याहप्त्यानं

जगप्रदक्षिणेचं तिकीट म्हटलं की डोळ्यांसमोर नोकरी सोडून वर्षभर भटकणारा कुणीतरी येतो. रान, दुकान नि सोयरेधायरे सांभाळणाऱ्या जालना-परभणीच्या माणसाचं ते काम नव्हे, असं आपण ठरवूनही टाकतो. तिकिटाचे नियम मात्र तसं काही म्हणत नाहीत. स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटाचं, जगाला एक फेरी मारायचं तिकीट वर्षभर चालतं, त्यात १५ मुक्काम बसतात. दिशा एकच धरायची, अटलांटिक आणि पॅसिफिक एकेकदाच ओलांडायचे, निघालो त्या देशात परतायचं. मधे कुठं किती दिवस थांबायचं, ही आपली मर्जी.

म्हणून सोयाबीन निघून हरभरा पेरला की मुंबईहून सिंगापूर. आठवडाभर हिंडून घरी यायचं, पण त्यासाठी सिंगापूर-मुंबई-सिंगापूर असं वेगळं तिकीट काढायचं. जगाचं तिकीट सिंगापुरातच थांबून राहतं. हरभरा घरात आला की पुढं टोकियो, सॅन फ्रान्सिस्को, न्यूयॉर्क, फ्रँकफर्ट, इस्तंबूल. तिथून पुन्हा वेगळ्या तिकिटावर लग्नसराईला हजर. पेरणी-खुरपणी उरकली की इस्तंबूल गाठून तुर्कस्तान बघायचा आणि शेवटचा टप्पा वापरायचा. खंड पाडायचा तो असा घराजवळच्या शहरात. न्यूयॉर्कहून मधेच आलात तर जादा तिकिटात सगळी बचत गेली.

हा मार्ग साधारण साडेएकवीस हजार मैलांचा. शहरं वाढवली की मैल वाढतात, आणि भाडं मैलांच्या पायऱ्यांवर ठरतं: २९,००० मैलांच्या वर गेलात की ३४,००० मैलांच्या पायरीचं. फ्रँकफर्टला उतरून रेल्वेनं व्हिएन्ना गाठलं आणि विमान तिथून धरलं, तरी ती जमिनीवरची वाट मैलांत मोजतात. हे जरा जाचकच.

तारीख बदलणं सहसा फुकट, शहर बदललं की पैसे. विमानांचं बुकिंग साधारण अकरा महिनेच आधी उघडतं, त्यामुळं शेवटच्या टप्प्याला तात्पुरती तारीख टाकून नंतर ती पुढं ढकलायची. ढकलायची ती मात्र विमान सुटण्याआधी. न कळवता एक टप्पा चुकवला की पुढचे सगळे रद्द होऊ शकतात, आणि नेमकी इथंच माणसं फसतात.

आपल्या पासपोर्टला तर हे घरी येणं लागतंच. युरोपातल्या बहुतेक देशांना चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिन्यांपेक्षा आधी घेत नाहीत, जपानचा एकवेळचा व्हिसा तीन महिन्यांत वापरावा लागतो, अमेरिकेत नुसतं विमान बदलायलाही व्हिसा हवा. सगळे शिक्के एकदम मारून निघणं जमत नाही. सिंगापुरात दोनदा शिरायचं, तर व्हिसा अनेकवेळचा आहे ना, तेवढं बघून घ्यावं.

छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळाहून मुंबईचं विमान वेगळ्या तिकिटावर असेल, तर त्याच्या उशिराला पुढची कंपनी जबाबदार नसते. त्यापेक्षा आदल्या रात्रीची देवगिरी एक्सप्रेस बरी. सकाळी मुंबई, विमान रात्रीचं.