रापलेलं मनगट

"बाह्या कोपरापर्यंत सारल्यात बघ. वरचा हात गोरा आणि मनगट रापलेलं."

ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्यूझियममध्ये, डच चित्रकार व्हर्मीरच्या 'दूधवाली' या चित्रासमोर आई बोलली. मी प्रकाश, निळा रंग वगैरे सांगायच्या तयारीत होते!

चित्र जेमतेम ४५ सेंटीमीटर उंच, १६६० च्या आसपासचं. भिंतीत खिळा, खाली पाय शेकायची पेटी, टेबलावर पावाचे तुकडे.

"शिळा असणार. दुधात भिजवून काहीतरी करतेय."

नावाला दूधवाली, खरं तर ही स्वयंपाकघरातली मोलकरीण. रेम्ब्रांटने १६३४ मध्ये रंगवलेल्या मार्टेन-ओप्येन या श्रीमंत जोडप्याची नावं आजही माहीत आहेत. हिचं नाही.

आई मात्र हलेचना. "धार किती बारीक धरलीये. मापात वापरायची सवय दिसते."