आमचे १८ सोमवार

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. क्लोझापीन हे औषध सुरू करायचं ठरलं तेव्हा डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं: पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्ततपासणी, पुढे महिन्याला. आई म्हणाली, "सोळा सोमवार केलेत मी, आणखी दोन काय जड आहेत?" म्हणून आम्ही सोमवारच धरला. त्यातला आठवा सोमवार आठवला की अजून माझं डोकं तापतं. हे लिहायला बसले ते त्याच्यामुळेच.

आधीचं थोडक्यात सांगते. भाऊ सोलापूरच्या पूर्व भागात एका यंत्रमाग कारखान्यात चादरींच्या कामावर होता. तेविसाव्या वर्षी त्याला मागाच्या खटखटीतून कुणीतरी आपलं नाव घेतंय असं ऐकू यायला लागलं. मग मालक, शेजारचा कामगार, कोपऱ्यावरचा चहावाला, सगळे मिळून आपल्यावर पाळत ठेवतात म्हणायचा. जेवण कमी झालं, अंघोळ बंद झाली. नात्यातल्यांनी "बाहेरचं आहे" म्हणून लिंबं उतरवली, एका मामांनी "येरवड्याला टाका" असं आईच्या तोंडावर सांगितलं. त्यात दीड वर्ष गेलं. या आजारात औषध जितकं लवकर सुरू होईल तितकं बरं असतं, हे मला नंतर कळलं आणि त्या दीड वर्षाचं फार वाईट वाटलं.

डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत एक गोष्ट समजावली. आपण कशाकडे लक्ष द्यायचं, कशाला महत्त्व द्यायचं, यात मेंदूतल्या डोपामाइन नावाच्या रसायनाचा हात असतो. त्याचं काम बिघडलं की साध्या खटखटीलाही अर्थ चिकटतो. तेव्हापासून मी त्याला "असं काही नसतं रे" म्हणणं सोडलं. "मला नाही ऐकू येत, पण तुला भीती वाटतेय ना, मी बसते इथं," एवढंच म्हणायचे. त्यानं आवाज गेले नाहीत, पण आमची भांडणं थांबली.

पहिलं औषध रिस्पेरिडोन, त्यानं हात ताठ झाले. घास तोंडापर्यंत न्यायला त्याला इतका वेळ लागायचा की आई भाकरी कुस्करून भरवायची. दुसरं ओलान्झापीन, त्यानं अकरा किलो वजन वाढलं आणि आवाज होते तिथंच राहिले. दोन औषधं पुऱ्या डोसात, पुरेसे आठवडे देऊनही गुण आला नाही, तर क्लोझापीनचा विचार करतात. या औषधानं क्वचित कुणाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी धोकादायक इतक्या कमी होतात. १९७५ साली फिनलंडमध्ये काही रुग्ण त्यामुळे दगावले आणि बऱ्याच ठिकाणी औषध मागे पडलं. पुढे १९८८ साली अमेरिकेतला एक अभ्यास आला. बाकीच्या औषधांना दाद न देणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना यानं फरक पडतो, हे त्यात दिसलं. मग रक्ततपासणीच्या अटीवर ते परत आलं. म्हणजे ही तपासणी उगाच मागे लावलेली कटकट नाही, हे मला पूर्ण पटलेलं होतं. म्हणूनच पुढचं जास्त लागलं.

आमचं चक्र असं होतं: सोमवारी सकाळी रक्त, मंगळवारी दुपारी रिपोर्ट, तो दाखवून पुढच्या सात रात्रींच्या गोळ्या. सोमवारी रात्री पाकीट रिकामं. साडेबारा मिलिग्रॅमपासून चढवत आम्ही २५० वर आलो होतो. आणि डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की ४८ तासांहून जास्त खंड पडला, तर पुन्हा साडेबारापासून सुरुवात.

आठव्या आठवड्यातल्या मंगळवारी मी लॅबच्या काउंटरवर गेले. तिथली मुलगी म्हणाली, "सॅम्पल क्लॉट झालं. परत द्यावं लागेल."

"कधी कळलं?"

"काल दुपारीच."

"मग फोन का नाही केला? नंबर लिहिलाय की फॉर्मवर."

"फोन करायचं आमच्याकडे नसतं, ताई. आज सॅम्पल द्या, रिपोर्ट परवा. उद्या अक्षता आहे, बंद राहणार."

सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा होती, बुधवारी त्यातला अक्षता सोहळा. मी हिशेब केला. शेवटची गोळी सोमवारी रात्री दहाला, म्हणजे बुधवारी रात्री दहापर्यंत मुदत. रिपोर्ट गुरुवारी. मी तिला ४८ तासांचं सांगितलं, ती पुढच्या माणसाची पावती फाडायला लागली. औषधाच्या दुकानात गेले, तर चिठ्ठीवर सात दिवस लिहिलेलं आणि त्यावर शिक्का पडलेला. त्यांनी गोळ्या दिल्या नाहीत, आणि नियमानं त्यांचं बरोबरच होतं. डॉक्टर परगावी, फोन बंद.

त्या रात्री भाऊ गोळीविना झोपला, म्हणजे झोपलाच नाही. तीन वाजता बघितलं, तर अंथरुणावर बसून बोटांनी मांडीवर ठेका धरला होता, मागाचा असतो तसा. मी शेजारी जाऊन बसले. तो म्हणाला, "आक्का, परत लांबून सुरू झालंय."

बुधवारी सकाळी नंदीध्वजांच्या मिरवणुकीमुळे रस्ते अडवलेले, रिक्षा मिळेना. बाराबंदी घातलेल्या माणसांच्या गर्दीतून भावाचा हात धरून मी चालत निघाले. दोन लॅब बंद. तिसऱ्या ठिकाणी, एका हॉस्पिटलच्या आत, तातडीच्या पेशंटसाठी लॅब चालू होती. तिथले वयस्कर तंत्रज्ञ आधी नाहीच म्हणाले. मी गोळ्यांचं रिकामं पाकीट त्यांच्यापुढं ठेवलं. औषधाचं नाव वाचलं आणि त्यांनी खुर्ची पुढं ओढली.

भाऊ विचारतो, "किती रक्त घेणार अजून?" त्यांनी जांभळ्या झाकणाची नळी त्याच्या हातात दिली. "दोन मिली. चहाचा अर्धा चमचासुद्धा नाही." रक्त घेतल्यावर ती नळी त्यांनी हळूहळू उलटसुलट केली, मी मोजलं, आठ वेळा. नळीत रक्त न गोठण्याचं औषध असतं, ते नीट मिसळलं नाही की गुठळी होते. आमच्या आधीच्या लॅबमधला मुलगा नळी भरली की तशीच ट्रेमध्ये टाकायचा. सात सोमवार हे मी डोळ्यांनी बघितलं होतं, पण त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

अर्ध्या तासात रिपोर्ट हातात आला. एकूण पांढऱ्या पेशी ५,९००, न्यूट्रोफिल ५४ टक्के. बऱ्याच रिपोर्टात नुसती टक्केवारी असते, पण बघायचा असतो न्यूट्रोफिलचा, म्हणजे पांढऱ्या पेशींतल्या एका प्रकाराचा, प्रत्यक्ष आकडा. एकूण पेशींना टक्क्यांनी गुणायचं आणि शंभरानं भागायचं. मी पाकिटाच्या मागे मांडलं: ३,१८६. आमच्या डॉक्टरांनी १,५०० च्या खाली जायला नको, अशी रेघ सांगितली होती. तिच्या दुपटीहून जास्त! मी तिथल्या बाकावरच रडले.

साडेसातला डॉक्टरांचा फोन लागला. रिपोर्टचा फोटो पाठवला, त्यांनी चिठ्ठी पाठवली आणि दुकानदाराशी स्वतः बोलले. नऊ वाजून दहा मिनिटांनी भावानं गोळी घेतली. पन्नास मिनिटं शिल्लक होती.

त्यानंतर मी दोन गोष्टी बदलून घेतल्या. लॅब बदलली, आणि डॉक्टरांना विनंती करून रक्त सातव्या दिवशीच पण गोळ्या दहा दिवसांच्या, असं लिहून घेतलं. ज्यांचं आता सुरू होतंय त्यांनी हे पहिल्याच दिवशी मागा. मला कुणी सांगितलं नव्हतं.

बिडीचंही सांगायला हवं, कारण आमच्या भागात घरोघरी बिड्या वळतात आणि ओढतातही. धुरामुळे हे औषध शरीरातून लवकर निघून जातं. म्हणून बिडी एकदम सोडली, तर तेवढ्याच गोळ्यांनी रक्तातलं प्रमाण बरंच वाढू शकतं. भावानं सोडायचं मनावर घेतलं तेव्हा आधी डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी डोस बघून दिला.

या औषधानं रात्री लाळ फार गळते, उशीवर पंचा घालतो. ताप आला किंवा घसा दुखला, तर सोमवारची वाट बघायची नाही, त्याच दिवशी रक्त तपासायचं. बोलायला कुणी नसेल तेव्हा सरकारचा टेली मानस नंबर आहे, १४४१६, मराठीत बोलतात. एका अवघड रात्री मी वापरलाय. पुण्यात डॉ. जगन्नाथ वाणींनी सुरू केलेली 'सा' ही संस्था याच आजाराच्या रुग्णांसाठी आणि घरच्यांसाठी काम करते.

अठरावा सोमवार मार्चमध्ये झाला. भाऊ मागावर परत गेलेला नाही, इतक्यात जाऊही नये असं मला वाटतं. आत्याकडे शेंगाचटणीच्या पुड्यांना सील लावतो, रोज तीन तास, आणि पहिल्या पगारातून त्यानं आईला चपला आणल्या. आवाज अधूनमधून येतात. "येतात, पण काय म्हणतात ते नीट कळत नाही," म्हणतो.

आणि एक राहिलंच, बद्धकोष्ठ. ऐकायला किरकोळ वाटतं, पण या औषधात आतडी इतकी मंदावू शकतात की जिवावर बेतू शकतं. पोरं लाजून सांगत नाहीत, म्हणून रोज सकाळी विचारायचं. मी विचारते, तो चिडतो, तरी विचारते.