टर्बो मरत होते, पाणी चांगलं होतं

कोल्हापुरात ताराबाई पार्कातल्या एका दवाखान्यात समुद्री पाण्याचा टँक आहे. चार बाय दोन बाय दोन फूट, म्हणजे संप (खालची फिल्टरची टाकी) सोडून साधारण साडेचारशे लिटर. दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे आत झोअँथिड, मशरूम आणि लेदर ही दगडी सांगाडा नसलेली प्रवाळं, एवढंच. काचेवरचं आणि दगडावरचं शेवाळ खायला टर्बो गोगलगायी सोडलेल्या. त्या एकेक करून मरायला लागल्या, तेव्हा डॉक्टरांनी मला बोलावलं.

मी पोचलो तोवर पाण्यावर सगळे प्रयोग झाले होते. विक्रेत्यानं सांगितलं म्हणून अर्धं पाणी बदललं, परत बदललं. बॅक्टेरियाची बाटली झाली, आयोडीनची झाली. मग कुणीतरी हर्मिट खेकड्यांवर आळ घेतला, कारण सकाळी मेलेल्या टर्बोवर तेच बसलेले दिसायचे. ते बिचारे मेलेलं खायला येतात. पण त्यांनाही टँकबाहेर काढलं. पाण्याला दोष देणं सगळ्यांना सोपं जातं, आणि पाण्याच्या दोषावर विकायला बाटली तयार असते.

मी पाणी तपासलं. क्षारतेचं विशिष्ट गुरुत्व १.०२५, तापमान २६ अंश, नायट्रेट ५, अल्कलिनिटी ८, अमोनिया शून्य. तांब्याची चाचणी मुद्दाम केली, कारण तांब्याचा अंश असला तर आधी गोगलगायीच जातात. तीही शून्य. असल्या पाण्यात टर्बो मरायला नकोत.

आणि त्या मरत होत्या तेही एका ठरावीक पद्धतीनं. पाणी बिघडलं तर सगळ्या एकदम सुस्तावतात. इथं एक गोगलगाय आधी काचेवरून खाली यायची, वाळूत उताणी पडायची, सरळ केली तरी पाय नीट चिकटवायची नाही, शंखाच्या तोंडावरचं झाकण अर्धवट उघडं ठेवायची आणि मग जायची. शेजारची मात्र व्यवस्थित चरत असायची. म्हणजे प्रत्येकीच्या अंगावर वेगळं काहीतरी चाललं होतं.

धागा दिला तो दवाखान्यातल्या कंपाउंडर मामांनी. "सकाळी दिवा लागायच्या आधी बघितलं की शंखाच्या तोंडाला पांढरं कायतरी चिकटलेलं असतंय बघा. नंतर दिसत न्हाई." रोज टँकला खाणं घालणारा माणूस हा. त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

त्या रात्री दिवे बंद झाल्यावर दोन तास थांबून लाल टॉर्च घेऊन बघितलं. पांढरा उजेड टाकला तर हे प्राणी लपतात, लाल उजेडात फारसे हलत नाहीत. एका मोठ्या टर्बोच्या शंखाच्या ओठावर, मांस जिथं बाहेर येतं त्या कडेला, तांदळाच्या कणीएवढे पांढरे शंख ओळीनं बसले होते. पिरॅमिडेलिड, म्हणजे दुसऱ्या शंखांवर जगणाऱ्या परजीवी बारक्या गोगलगायी. दोन ते चार मिलिमीटर लांब, गुळगुळीत, निमुळते. यांना शेवाळ खरवडायची दातेरी जीभ नसते. लांब सोंड असते, तिच्या टोकाला सुईसारखा काटा. तो यजमानाच्या मांसात खुपसून आतला द्रव शोषतात. एक-दोनांनी मोठा टर्बो मरत नाही, पण वीस-पंचवीस रोज रात्री बसले की तो खंगत जातो. दिवसा ते शंखाच्या वळणांच्या खाचेत किंवा वाळूत जातात, म्हणून दवाखान्याच्या वेळेत येणाऱ्याला टँक निरोगीच दिसतो.

ओळख पक्की करायला दहापट भिंग लागतं. टँकमध्ये सेरिथ नावाच्या गोगलगायींची पिल्लं आणि इतर निरुपद्रवी बारके शंखही असतात, त्यांना मारून उगाच नुकसान होतं. पिरॅमिडेलिडच्या शंखाचं अगदी टोक बघायचं. अळीच्या वयातलं ते पहिलं वळण मोठ्या शंखाच्या अक्षाला सरळ नसून आडवं कललेलं असतं. शंका राहिली तर संशयित आणि एक टर्बो एका वाटीत रात्रभर ठेवायचे. सकाळी कडेला चिकटलेला दिसला, की पक्कं.

"पाण्यात औषध घालून संपवता येणार नाहीत का?" डॉक्टरांचा प्रश्न अगदी रास्त होता. "डॉक्टर, जे औषध यांना मारेल ते टर्बो, कोळंबी, खेकडे सगळ्यांना मारेल," एवढंच मी म्हणालो. तांबं तर दगडात मुरतं आणि पुढं महिनोन्‌महिने सुटत राहतं. फेनबेंडाझोल हे जंताचं औषध घातलं तर चांगल्या गोगलगायीही जातात, टँक नंतर त्यांच्या उपयोगाचा राहत नाही. प्रवाळ बुडवायच्या द्रावणात घातले तर पिरॅमिडेलिड झाकण लावून बसतात. आणि अंडी जेलीत असतात, तिथं द्रावण नीट पोचतच नाही.

म्हणून हातानंच करायचं. तीन बादल्या, तिन्हींत टँकच्याच तापमानाचं आणि क्षारतेचं पाणी. टर्बोला क्षारतेचा झटका सोसत नाही, त्यामुळे इथं अंदाजपंचे चालत नाही. टर्बो काचेवरून ओढून काढायचा नाही, पाय फाटतो. हळूच बाजूला सरकवत सोडवायचा. पहिल्या बादलीत मऊ टूथब्रशनं शंखाची प्रत्येक खाच घासायची, ओठाची आतली कड आणि झाकणाभोवतीची जागा विशेष. अंडी म्हणजे शंखावरचे पारदर्शक जेलीचे ठिपके. ते ब्रशनं निघत नाहीत, प्लास्टिकच्या पट्टीच्या कडेनं खरवडावे लागतात. ओल्या शंखावर ते दिसत नाहीत. शंख उजेडात तिरका धरला की ठिपका चमकतो, तेव्हाच सापडतो. दुसऱ्या बादलीत खळबळायचं, तिसरीत परत तपासायचं. घासलेलं पाणी टँकमध्ये परत जाता कामा नये. त्यात उकळतं पाणी ओतायचं, मगच मोरीत.

स्वच्छ केलेले टर्बो लगेच टँकमध्ये सोडले की सगळं पाण्यात जातं. एखादा अंड्याचा ठिपका राहतोच. वीस लिटरच्या टबात एअर पंप, स्पंज फिल्टर आणि खायला नोरीची (वाळवलेल्या समुद्री शेवाळाची) पट्टी, एवढ्यावर ते सहा आठवडे ठेवले. दर दोन-तीन दिवसांनी पुन्हा ब्रश आणि भिंग. तेवढ्या काळात मुख्य टँकमध्ये एकही गोगलगाय किंवा शिंपला नाही, म्हणजे उरलेल्यांना शोषायला कुणी मिळत नाही. तरी ही शंभर टक्के हमी नव्हे, यातल्या काही जाती नळीतल्या किड्यांवरही जगतात. मधल्या काळात काचेवर शेवाळ माजलं, ते मामा रोज मॅग्नेटनं घासत होते.

मासा सोडून काम होईल, असं सर्रास सांगितलं जातं. पिवळा कोरिस रास किंवा सिक्सलाइन रास हे मासे असले शंख खरंच टिपतात. पण रास दिवसा चरतो आणि रात्री झोपतो, हे शंख उलट. त्यामुळे तो संख्या आटोक्यात ठेवतो, मुळासकट काढत नाही. कोरिस झोपायला वाळूत शिरतो, त्याला चार-पाच सेंटिमीटर बारीक वाळू लागते, शिवाय टँकवर जाळी, नाहीतर उडी मारतो. सिक्सलाइन वयानं भांडखोर होतो आणि नंतर आणलेल्या लहान माशांना जगू देत नाही. इथं कोरिस घेतला.

आले कुठून, हे मात्र मला अजून नीट लागत नाही. मुंबईहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं थर्माकोलच्या पेटीत आलेला माल पहाटे कावळा नाक्यावर उतरतो आणि सकाळीच टँकमध्ये पडतो. मध्ये कुणी चार दिवस वेगळं ठेवत नाही, कारण वेगळं ठेवलं की टब, जागा आणि नुकसान विक्रेत्याचं. शेवटच्या टर्बोंबरोबर आले असावेत, हा सरळ अंदाज. पण मरायला लागलेली पहिली गोगलगाय जुनीच होती, वर्षभर त्या टँकमध्ये चरलेली. कदाचित त्याआधी झोअँथिडच्या दगडावरून आले असतील, तो दगड कुणी भिंगाखाली धरला नव्हता.

टर्बो आता परत सोडलेत. दवाखाना बंद करताना मामा लाल टॉर्चनं ओठाच्या कडा बघतात. पुढचा माल येईल, तो टबातच उतरणार आहे, दगडासकट.