निर्णय तिचा, धावपळ माझी

माझ्या पत्नीच्या फुप्फुसाच्या कर्करोगाचे निदान झाले तेव्हा तो चौथ्या टप्प्यात पोहोचलेला होता. तिने आयुष्यात कधी तंबाखूला हात लावलेला नसल्यामुळे गोव्यातील डिचोलीच्या आमच्या आप्तेष्टांना प्रथम रिपोर्टच चुकीचा वाटला. परंतु अडिनोकार्सिनोमा हा प्रकार धूम्रपान न करणाऱ्या स्त्रियांमध्येही आढळतो, आणि अशा रुग्णांच्या गाठीत ईजीएफआर या जनुकातील बदल सापडण्याची शक्यता अधिक असते. हा बदल असला तर शिरेतून द्यायच्या केमोथेरपीऐवजी रोज घ्यायच्या गोळीने उपचार सुरू करता येतात. म्हणून चौथ्या टप्प्याचे निदान ऐकून हादरलेल्या प्रत्येक कुटुंबाला माझे पहिले सांगणे हेच असते, की रुग्णाची प्रकृती थांबण्याइतपत स्थिर असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर बायॉप्सीच्या तुकड्यावरील जनुकीय तपासणीचा रिपोर्ट हाती येईपर्यंत धीर धरावा. तो काळ फार कठीण जातो. घरातील प्रत्येक जण ‘लगेच काहीतरी सुरू करा’ म्हणत असतो, आणि बांबोळीच्या गोमेकॉतील, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातील, डॉक्टरांनी आम्हाला शांतपणे थांबवले, याबद्दल मी त्यांचा कायमचा ऋणी आहे.

रिपोर्टमध्ये ईजीएफआरचा बदल आढळला. त्यानंतर दुसरे मत घेण्यासाठी आम्ही परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात गेलो. बाहेरगावी दुसरे मत घ्यायला जाताना केवळ कागदांची फाईल पुरत नाही, तर बायॉप्सीच्या काचपट्ट्या आणि मेणात बसवलेले ऊतींचे ब्लॉकसुद्धा मूळ प्रयोगशाळेकडून मागून घ्यावे लागतात, कारण तेथील पॅथॉलॉजिस्ट ते स्वतः पुन्हा पाहतात. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठीच्या रेल्वे प्रवासात स्लीपर आणि थ्री टायर एसी वर्गात पूर्ण, तर सोबतच्या माणसाला 75 टक्के सवलत मिळते. त्यासाठीचा फॉर्म डॉक्टरांकडून भरून घ्यावा लागतो. थिवीला कोकणकन्या पकडून पहाटे दादरला उतरणारे गोव्याचे कितीतरी रुग्ण मला त्या प्रवासांत भेटले. ज्यांची मुंबईत कोणाकडे सोय नाही, त्यांच्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा हा फार मोठा आधार आहे.

परळला आमच्यापुढे तीन वाटा ठेवण्यात आल्या: जेफिटिनिब ही जुनी आणि स्वस्त गोळी, तीच गोळी केमोथेरपीच्या जोडीने, किंवा ओसिमर्टिनिब ही नवी आणि महाग गोळी. मी आकडे वाचू लागलो. टाटामध्येच 350 रुग्णांवर झालेल्या आणि 2020 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नुसत्या जेफिटिनिबने आजार साधारण 8 महिने आटोक्यात राहिला, तर केमोथेरपीची जोड दिल्यावर 16 महिने. मात्र गंभीर दुष्परिणामही 25 टक्क्यांवरून 51 टक्क्यांवर गेले. ओसिमर्टिनिबच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात हा काळ 18.9 महिने होता, आणि तुलनेसाठी जुन्या पिढीतील गोळ्या घेतलेल्या गटात 10.2 महिने. हे सर्व आकडे मध्यांक आहेत, म्हणजे निम्म्या रुग्णांना त्यापेक्षा कमी काळ मिळतो आणि निम्म्यांना जास्त. आपले माणूस कोणत्या निम्म्यात आहे हे कोणताही डॉक्टर आधी सांगू शकत नाही. ही गोष्ट मी पत्नीला समजावून सांगितली तेव्हा तिने आकड्यांविषयी एकही प्रश्न विचारला नाही. कोणत्या उपचाराने हात सर्वांत कमी थकतील, चवथीची माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर बांधायची फळापानांची आरास, तिला स्वतः बांधता येईल का, आणि तिच्याकडे हार्मोनियम शिकायला येणाऱ्या मुली येत राहू शकतील का, एवढेच तिने डॉक्टरांना विचारले. डॉक्टरांनी पेन खाली ठेवून तिच्याकडे वळून उत्तर दिले. तिने ओसिमर्टिनिब निवडले.

मला वाटते, उपचारांचा शोध घेताना नवरा किंवा मुलगा ज्या ठिकाणी सर्वाधिक गोंधळतो ते ठिकाण हेच. ‘सर्वांत चांगला उपचार कोणता’ असे आपण विचारत राहतो, आणि आजारी माणसाच्या मनात मात्र ‘कशासाठी चांगला’ हा प्रश्न असतो. माहिती गोळा करणे, रांगेत उभे राहणे, विम्याचे आणि योजनेचे कागद सांभाळणे ही कामे मी केली. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत कुटुंबातील व्यक्तींच्या संख्येनुसार वर्षाला अडीच किंवा चार लाख रुपयांचे संरक्षण असते, त्याचाही हिशोब मीच ठेवला. पण निवड तिची असली पाहिजे, यावर मी घरातल्या सर्वांशी प्रसंगी कठोर होऊन बोललो.

सुचवण्या पुष्कळ आल्या, आणि त्यांमागची माया खरी होती. माझ्या मेव्हण्यांनी शिमोग्याकडून झाडाच्या सालीचे औषध आणले. आम्ही ते डॉक्टरांना दाखवले. ओसिमर्टिनिबचे विघटन यकृतात होते आणि काही वनस्पतिजन्य औषधांमुळे गोळीचे रक्तातील प्रमाण बदलू शकते, असे त्यांनी सांगितले, म्हणून ते औषध बाजूला ठेवले. वहिनींनी कुलदेवतेला प्रसाद लावण्याचा, म्हणजे कौल घेण्याचा, आग्रह धरला, तेव्हा पत्नी आनंदाने गेली, कारण त्यात गोळी थांबवण्याची अट नव्हती आणि तिच्या मनाला तेथे स्वस्थता लाभत होती. पुण्याहून भाच्याने मुंबईच्या आयआयटीतील कार-टी उपचाराची, म्हणजे रुग्णाच्याच प्रतिकारपेशी बदलून कर्करोगावर सोडण्याच्या उपचाराची, बातमी पाठवली. ऑक्टोबर 2023 मध्ये मान्यता मिळालेला तो उपचार बी-पेशींच्या रक्तकर्करोगांसाठी आहे, फुप्फुसाच्या गाठीसाठी नव्हे, हे समजावताना त्याच्या आवाजातील निराशा ऐकून मला फार वाईट वाटले. एका खासगी केंद्राने मात्र ‘प्रायोगिक लस’ म्हणून लाखो रुपयांचा आकडा सांगितला. औषधांच्या चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही, सीटीआरआय, 2007 पासून सर्वांसाठी खुली आहे. मी त्या लसीचा नोंदणी क्रमांक मागितला, तो त्यांना देता आला नाही, आणि आम्ही उठून आलो. अधिकृत चाचणीत चाचणीच्या औषधाचे पैसे सहसा रुग्णाकडून घेतले जात नाहीत, हे प्रत्येक कुटुंबाने पक्के लक्षात ठेवावे.

गोळीने आम्हाला चांगला काळ दिला. अंगावर पुरळ, नखांच्या कडांना होणाऱ्या जखमा आणि जुलाब यांचा त्रास झाला, पण माटोळी तिनेच बांधली. पुढे स्कॅनमध्ये आजार वाढल्याचे दिसले, छातीत पाणी झाले, आणि पुन्हा बायॉप्सी करून पेमेट्रेक्सेड व कार्बोप्लॅटिन ही केमोथेरपी 21 दिवसांच्या अंतराने बांबोळीलाच सुरू झाली.

उपशामक उपचारांविषयी, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या उपचारांविषयी, मला अधिक बोलायचे आहे, कारण आपल्याकडे त्यांचे नाव काढले की ‘म्हणजे आता काही उरले नाही का?’ असे विचारतात. बोस्टनमधील 151 रुग्णांच्या, 2010 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पसरलेल्या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ज्या रुग्णांना निदानापासूनच उपशामक तज्ज्ञांची साथ मिळाली, त्यांचे दिवस अधिक सुखाचे गेलेच, शिवाय ते मध्यांकाच्या हिशोबाने अधिक जगले: 8.9 महिन्यांच्या जागी 11.6 महिने. आमच्या डॉक्टरांनी तिला मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या तेव्हा तिला व्यसन लागेल अशी भीती घरात पसरली होती. योग्य मात्रेत वेदनेसाठी घेतलेल्या मॉर्फिनमुळे तसे सहसा होत नाही. त्यासोबत पोट साफ राहण्याचे औषध पहिल्या दिवसापासून द्यावे लागते, हे मात्र काटेकोरपणे पाळावे. धाप लागली की चेहऱ्यावर लहान पंख्याचा वारा घेतल्याने श्वासाची घालमेल कमी होते, हा साधा उपायही त्या डॉक्टरांकडूनच कळला. घरी सांभाळणे अशक्य झाले तर लोटलीच्या शांती अवेदना सदनाचे, म्हणजे शेवटच्या टप्प्यातील कर्करुग्णांना सांभाळणाऱ्या संस्थेचे, दार आहे. तिनेच ते ठिकाण पाहून ठेवण्याची इच्छा व्यक्त केली आणि आम्ही दोघे जाऊन पाहून आलो.

याच सुमारास तिने लिव्हिंग विल, म्हणजे स्वतः बोलता येणार नाही तेव्हा कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत हे आधीच लिहून ठेवणारे पत्र, करायचे ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली हा हक्क मान्य केला आणि 2023 मध्ये त्याची पद्धत सोपी केली; आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे असतात. गोव्यात 2024 मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचे लिव्हिंग विल केल्याचे तिने वर्तमानपत्रात वाचले होते, आणि ते कात्रण तिने जपून ठेवले होते. मजकूर तिने मराठीत सांगितला, मी लिहून घेतला. व्हेंटिलेटर नको. ऑक्सिजन, मॉर्फिन आणि छातीतील पाणी काढणे हवे. शुद्ध नसेल तेव्हा तिच्या वतीने बोलण्यासाठी तिने आमच्या मुलीचे नाव घातले, कारण तिच्या मते त्या वेळी मला ‘नको’ म्हणता येणार नाही.

केमोथेरपीच्या पुढच्या स्कॅननंतर डोसेटॅक्सेल या दुसऱ्या केमोथेरपीचा प्रश्न उभा राहू शकतो. त्याविषयी तिने अद्याप काहीच ठरवलेले नाही. थकवा किती येईल, बांबोळीला किती वेळा जावे लागेल आणि मधल्या आठवड्यांत मुलींचा वर्ग घेता येईल का, हे तीन प्रश्न तिने मला वहीत लिहून ठेवायला सांगितले आहेत, आणि ते डॉक्टरांना ती स्वतः विचारणार आहे.